वाचकांचे प्रश्न : आस्था कागदावर, गर्दी हरिहरवर

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून शाश्वत पर्यटनाविषयी एक प्रश्नावली भरून घेतली. पर्यटन करताना पर्यावरणाला महत्त्व देतो, असे जवळजवळ सर्वांनीच लिहिले. यांतलेच अनेक जण पावसाळ्यात रविवारी हरिहर किंवा अंजनेरी हे जवळचे गड गाठतात आणि तिथल्या गर्दीची, कचऱ्याची अवस्था आपण जाणताच. यांची जागरूकता खरी मानावी काय?
– एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : खरी मानावी, पण ती नेमकी कशाविषयी आहे, हे आपल्या प्रश्नावलीतून कळत नाही. ‘पर्यावरण जपावे असे वाटते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे कोण लिहील? राज्यात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, तेव्हा ही मुले शाळेत होती. त्यामुळे कचऱ्याचे भान त्यांना आधीच्या पिढीपेक्षा अधिक असावे. (गडाच्या पायथ्याशी सहकुटुंब येणारी वडीलधारी मंडळी काय करतात, हेही कधी तपासावे.)

अडचण अशी की शाश्वत पर्यटन म्हणजे केवळ कचरा न टाकणे, अशी समजूत रूढ झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने केलेल्या व्याख्येत पर्यावरणाच्या बरोबरीने स्थानिक अर्थव्यवस्था आणि समाज यांवरील परिणामही येतात. हरिहरच्या कातळात कोरलेल्या उभ्या, अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेने जातात. तिथे प्रत्येकाने आपली रिकामी बाटली परत नेली, तरी सगळे एकाच सकाळी आल्याने होणारी कोंडी टळत नाही. जेवणखाण नाशिकहूनच बांधून नेले, तर पायथ्याच्या निरगुडपाड्याच्या वाट्याला गाड्यांची गर्दी तेवढी येते.

अंजनेरीचे उदाहरण अधिक बोलके आहे. 2006 मध्ये शास्त्रीय नोंद झालेली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाच्या कुळातील दुर्मीळ वनस्पती याच डोंगरावरून ओळखली गेली. तिच्या नावातही डोंगराचे नाव आहे. तिचा बहर पावसाळ्यातला, म्हणजे नेमका गर्दीचा. छायाचित्रासाठी मळलेली वाट सोडून गवतात शिरणाऱ्याच्या मनात निसर्गाविषयी प्रेमच असते, पण पायाखाली काय आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला जाऊन विजेरीचा झोत टाकणाऱ्यांचेही तेच. प्रकाशाचे संकेत देऊन जोडीदार शोधणाऱ्या त्या किड्यांना हा उजेड अडथळा ठरतो, ही माहिती सहलीच्या जाहिरातीत क्वचितच असते.

तेव्हा पुढच्या वेळी मत विचारू नका, मागची सहल विचारा. कोणत्या वारी गेलात? जागा कोणी सुचवली, मित्राने की रीलने? गावात काय विकत घेतले, स्थानिक वाटाड्या घेतला का? गर्दी दिसल्यावर बेत बदलला का? शिवाय 2020 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेले राज्यातील पहिले पाणथळ क्षेत्र, आपल्याच जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, त्यांनी पाहिले आहे का, तेही विचारा. या उत्तरांत आपल्याला जागरूकतेबरोबर सवयही दिसेल, आणि त्या दोहोंतील अंतर किती आहे ते आकड्यांत मांडता येईल.