‘वद्य’ म्हणजे ‘कृष्ण’च का? एक इंदुरी पेच

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या घरच्या जुन्या वहीत आजोबांची तिथी ‘आषाढ वद्य सप्तमी’ अशी नोंदलेली आहे. श्राद्धाला येणारे नवे गुरुजी हिंदी भाषक असून त्यांनी आपल्या पंचांगातली आषाढ कृष्ण सप्तमी पाहून दिवस सांगितला, तर पुण्याच्या आत्यांनी कळवलेला दिवस त्यानंतर महिन्याने येत होता. पितृपक्षात मात्र दोघांचे एकमत झाले. ‘वद्य म्हणजेच कृष्ण ना? मग हा घोळ कशाने झाला? आणि मुळात वद्य हा शब्द आला कुठून?’

आत्यांचा दिवस बरोबर आहे. गुरुजींनी पंचांग चुकीचे पाहिले असेही नाही; त्यांनी मराठी नोंद हिंदी महिन्यात वाचली, एवढेच.

आधी शब्दाकडे वळू. जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत तिथीपूर्वी ‘सुदि’ किंवा ‘वदि’ अशी अक्षरे आढळतात. ही मुळात संक्षेपाक्षरे होत, आज आपण ‘ता.’ किंवा ‘रु.’ लिहितो तशी. शुक्ल किंवा शुद्ध यातला ‘शु’ आणि दिन किंवा दिवस यातला ‘दि’ मिळून ‘शुदि’, म्हणजेच ‘सुदि’. आणि ‘बहुल’ या शब्दातला ‘ब’ घेऊन ‘बदि’ किंवा ‘वदि’, अशी त्यांची उकल सामान्यतः केली जाते. बहुल हे काळोख्या पंधरवड्याचे जुने संस्कृत नाव असून तेलुगू आणि कन्नड पंचांगांत ते आजही वापरात आहे. संक्षेप पुढे स्वतंत्र शब्द म्हणून वावरू लागला आणि हिंदीत बदी, गुजरातीत वद, मराठीत वदी व वद्य अशी त्याची रूपे झाली. मराठीने त्याला ‘य’ जोडून ‘शुद्ध’च्या शेजारी शोभेल असे संस्कृत वळण दिले असावे, असे मला वाटते. संस्कृतात वद्य म्हणजे बोलण्याजोगे (आणि त्याच्या उलट अवद्य म्हणजे निंद्य). त्या अर्थाचा इथे काही संबंध लागत नाही. हिंदीत वाईटपणा या अर्थी जो ‘बदी’ शब्द आहे तो फारसी ‘बद’वरून आलेला असून अगदी वेगळा आहे. आमंत्रणपत्रिकांवर हल्ली सर्रास दिसणारे ‘वध्य’ तर टाळायलाच हवे. वध्य म्हणजे ज्याचा वध करायचा तो, आणि ‘फाल्गुन वध्य पंचमी’ वाचताना त्या बिचाऱ्या पंचमीची कीव येते.

आता महिन्याकडे येऊ. महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, म्हणून तो अमान्त. उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, म्हणून पूर्णिमान्त. शुद्ध पंधरवड्यात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच असल्यामुळे गुढीपाडवा, रामनवमी, गणेश चतुर्थी, दसरा यांबद्दल इंदूरच्या मराठी आणि हिंदी घरांत कधी मतभेद होत नाही. काळोख्या पंधरवड्यात मात्र हिंदी महिना एकाने पुढे असतो. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र त्यांच्याकडे फाल्गुनात, आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदात, आणि आपली आश्विनातली धनत्रयोदशी त्यांच्याकडे कार्तिकात. दिवस तोच, तिथी तीच, चंद्रही तोच. फक्त महिन्याचे नाव बदलते. गुरुजींनी आषाढातला काळोखा पंधरवडा घेतला तो आपल्या हिशेबाने ज्येष्ठ वद्य होता. आपल्या आषाढ वद्य सप्तमीला त्यांच्या पंचांगात ‘श्रावण कृष्ण सप्तमी’ म्हणतात.

‘वद्य म्हणजेच कृष्ण’ हे समीकरण शब्दकोशात खरे असले तरी इंदुरात ते पुरत नाही, असे माझे मत याच कारणाने झाले आहे. ‘कृष्ण’ हा शब्द दोन्ही रीतींना सामाईक आहे. महाराष्ट्रातले गुरुजीही संकल्पात ‘कृष्णपक्षे’च म्हणतात आणि महिना अमान्त धरतात. त्यामुळे नुसते ‘श्रावण कृष्ण सप्तमी’ लिहिलेले पाहून कोणता श्रावण ते कळत नाही. ‘वद्य’ लिहिले की ते कळते, कारण हा शब्द मराठी माणसाचा आणि मराठी माणसाचा महिना अमान्त. ‘बदी’ म्हटले की हिंदीभाषक प्रदेशातला पूर्णिमान्त महिना समजावा.

या दोहोंची सरमिसळ कशी अंगाशी येते ते मी स्वतः अनुभवले आहे. अहिल्यादेवी होळकरांचे निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीला झाले. इंदूरच्या हिंदी फलकांवर त्या तिथीस रीतसर ‘भाद्रपद कृष्ण चतुर्दशी’ लिहितात. एका वर्षी मी एका छोट्या कार्यक्रमाची मराठी पत्रिका लिहिताना फलकावरचा महिना उचलला, ‘कृष्ण’च्या जागी ‘वद्य’ घातले आणि ‘भाद्रपद वद्य चतुर्दशी’ असे छापून मोकळा झालो. पत्रिका हातात घेऊन एका वृद्ध गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी बाईंची पुण्यतिथी केव्हापासून करू लागलात?’ महिना हिंदी आणि पक्ष मराठी घेतल्यामुळे मी ती तिथी एक महिना पुढे ढकलली होती. उलट दिशेनेही असेच होते. शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी (१९ फेब्रुवारी १६३०) हिंदी लेखात जशीच्या तशी ‘फाल्गुन कृष्ण तृतीया’ झाली, तर हिंदी वाचक ती महिनाभर आधी शोधील. त्याच्या हिशेबाने ती चैत्रातली आहे.

दोन्ही रीती एकत्र नांदताना पाहायच्या असतील तर उज्जैनला जावे. महाकाळाची सवारी, म्हणजे दर सोमवारची पालखीची मिरवणूक, हिंदी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि भाद्रपद कृष्ण पक्षापर्यंत, म्हणजे आपला श्रावण संपेपर्यंत, चालते. शिंद्यांच्या काळातल्या मराठी श्रावणाचा मान त्यात राखला गेला, असे तिथे सांगतात. २०२५ साली हिंदी सावन ११ जुलै ते ९ ऑगस्ट होता आणि मराठी श्रावण २५ जुलै ते २३ ऑगस्ट. दोघांच्या वाट्याला चार चार सोमवार आले, त्यांपैकी २८ जुलै आणि ४ ऑगस्ट हे दोन सामाईक होते, आणि सवाऱ्या बरोबर सहा निघाल्या. आमच्या मोहल्ल्यात शेजारणींबरोबर उपास धरून आपल्या हिशेबाने सोडणाऱ्या मराठी गृहिणी आहेत. त्यांनाही सहा सोमवार घडले.

एक गंमत जाता जाता सांगतो. इंदूरची गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते ती रंगपंचमी हिंदी पंचांगात चैत्र कृष्ण पंचमी असते, पण विक्रम संवत तिथे चैत्र शुक्ल प्रतिपदेला बदलते. म्हणजे चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात आणि दुसरा नव्या वर्षात. शिवाय महिना पौर्णिमेला संपवणारी उत्तरेची पंचांगेही अमावास्येपुढे ३० हाच, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तिथीचा, आकडा छापतात, आणि अधिक महिना तर तिकडेही अमान्तच धरतात.

आता पितृपक्षात एकमत कसे झाले ते पाहू. महालयासाठी, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धासाठी, मृत्यूचा महिना लागत नाही, फक्त तिथी लागते. आपल्या भाद्रपद वद्य सप्तमीला गुरुजी आश्विन कृष्ण सप्तमी म्हणाले असतील, पण दोघांच्या पंचांगात सप्तमी त्याच दिवशी होती. वार्षिक श्राद्धासाठी मात्र वहीतली मूळ नोंद न खोडता तिच्यापुढे कंसात ‘हिंदी पंचांगात श्रावण कृष्ण ७’ एवढे लिहून ठेवावे.