गोळ्या सुरू झाल्या आणि रंग रुसले

प्रिय ताई,
मी ३६ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मला बायपोलर, म्हणजे मन कधी फार ‘वर’ तर कधी फार ‘खाली’ जाण्याचा आजार, असल्याचं निदान झालं. पोटापाण्यासाठी वेगळं काम करते, पण जलरंगांची आवड लहानपणापासूनची. आजारात ‘वर’ असायचे तेव्हा रात्र रात्र जागून आठवड्यात अख्खी वही भरायचे. ‘खाली’ गेले की तीच चित्रं फाडायचे. आता त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. तब्येत बरी आहे, पण हात थरथरतो आणि मनात काही उमटतच नाही. त्यात मी रंगाची पेटी काढली की नवऱ्याचा चेहरा उतरतो. ‘परत सुरू झालं का?’ विचारतो. महिनाभर गोळ्या बंद करून बघू का? नुसता छंदच तर आहे, त्यात कुणाचं काय बिघडणार?

प्रिय मैत्रिणी,

गोळ्या बंद करू नकोस. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. लिथियम एकदम तोडलं की आजार उलटून येण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच खूप वाढतो, आणि तो येतो तेव्हा फक्त चित्रांपुरता येत नाही.

आता तुझ्या दुःखाबद्दल. ‘बरी आहेस ना, मग चित्रांचं काय घेऊन बसलीस’ असं तुला कुणीतरी म्हटलं असणार. मी म्हणणार नाही. जे करताना आपण आपल्याला सापडतो तेच हातातून गेलं, तर नुसत्या बऱ्या तब्येतीचं करायचं काय, हा प्रश्न रास्त आहे.

माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. तो मातीकाम करतो. एका उधाणलेल्या आठवड्यात त्याने चाळीसेक भांडी घडवली होती. आम्ही सगळे थक्क झालो होतो. ती भट्टीतून निघाली तेव्हा धड अशी तीनच होती. भांडं आतपर्यंत वाळायला दिवस जावे लागतात, ओलं भाजलं की ते फुटतं. हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात त्याला थांबता येत नव्हतं. तुझ्या त्या वह्यांपैकी एखादी फाडायची राहिली असेल तर आज शांतपणे काढून बघ. पहिल्या काही पानांवर खरोखर काही सुंदर असेल, ते नाकारू नकोस, ते तुझंच आहे. मग शेवटची पानं बघ. खालचा थर वाळायच्या आत वरचा रंग दिलेला, निळ्याचा आणि तांबड्याचा चिखल झालेला, पाण्याने कागदाची साल निघालेली, असं कुठे दिसतंय का? मला तुझी चित्रं माहीत नाहीत, कदाचित मी चुकतही असेन. पण त्या रात्री काम किती चांगलं झालं हे त्याच रात्रीच्या मनाने ठरवलेलं असतं, म्हणून ते पुन्हा बघायला हवं.

मोगेन्स शोऊ या डॅनिश मानसोपचारतज्ज्ञाने १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. १२ जणांनी सांगितलं की काम वाढलं, सहा जणांना फरक वाटला नाही आणि सहा जणांचं काम घटलं. गट लहान होता आणि उत्तरं ज्याची त्याने दिलेली, त्यामुळे त्यावर मोठे इमले बांधायला नकोत. तू त्या शेवटच्या सहांसारखी असशीलही. मग तो विषय डॉक्टरांपुढे ठेवायचा, गुपचूप गोळ्या सोडून सोडवायचा नाही. (आजारातूनच मोठी चित्रं येतात असं म्हणत चित्रकार व्हॅन गॉगचं उदाहरण तुला कुणीतरी देईलच. त्याला नेमका कोणता आजार होता यावर आजही एकमत नाही. पण १८८९च्या जुलैतल्या झटक्यानंतर कित्येक आठवडे त्याचं रंगकाम बंद होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.)

‘मनात काही उमटत नाही’ याला निदान तीन कारणं असू शकतात. औषधाचा बोथटपणा असेल. लिथियमने थायरॉइड मंदावलं असेल, आणि तेवढ्यानेही माणूस असाच विझल्यासारखा होतो. किंवा मागे थोडंसं नैराश्य अजून उरलेलं असेल. तिन्ही आतून सारखीच वाटतात आणि उपाय मात्र तिन्हींवर वेगळे. म्हणून रक्तातली लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी झाली ते बघ.

हाताची बारीक थरथर हा लिथियमचा अगदी ओळखीचा त्रास आहे. डॉक्टरांना ‘हात कापतो’ एवढंच सांगू नकोस. ‘पेला धरता येतो, पण पापणीएवढी रेघ काढता येत नाही, आणि ती मला काढायची असते’ असं सांग. डोस कमी करणं, वेळ बदलणं, थरथरीवर वेगळी गोळी देणं, असं बरंच काही त्यांना करता येतं. मात्र थरथर अचानक जोरात वाढली, सोबत उलट्या-जुलाब झाले, झोक जायला लागला, जीभ जड झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ती लिथियम जास्त झाल्याची खूण असू शकते.

तोवर मोठा कागद घे, रुंद ब्रश घे आणि मनगटाऐवजी खांद्यापासून हात फिरव. बारीक काम असेल तेव्हा कोपर टेबलावर टेकव. माझ्या भावाने पातळ काठाचे पेले सोडले आणि बोटांनी दाबून जाड वाडगे करायला लागला. दोन महिने चिडचिड करत होता. आता त्या बोटांच्या खुणा तो मुद्दाम ठेवतो.

नवऱ्याचं सांगायचं तर तो घाबरलाय. त्या जागरणाच्या रात्री त्यानेही काढल्यात, आणि त्याच्या डोक्यात रंगाची पेटी आणि आजार एकत्र बांधले गेलेत. ती गाठ तुम्ही दोघांनी बसून सोडवायला हवी. त्याला लक्ष ठेवायला काहीतरी खरं दे, ते म्हणजे झोप. तीन-चार तास झोपूनही तू ताजीतवानी आहेस, आणि असं सलग दोन रात्री झालं, तर त्याने डॉक्टरांना फोन करायचा, मग तू त्या दिवसांत ब्रशला हात लावला असो वा नसो. आणि तू पुरेशी झोपलेली असलीस तर पेटी उघडल्यावर त्याने काही विचारायचं नाही. रात्री ठरलेल्या वेळेला ब्रश धुवायचे, चित्र अर्धं असलं तरी. हे तू बरी असताना, तुझ्या अक्षरात, एका कागदावर लिही. ‘वर’ गेल्यावर तू त्याच्याशी वाद घालशील, तेव्हा तो तुझंच लिहिलेलं तुला दाखवेल.

खाली असशील तेव्हा पोस्टकार्डाएवढा कागद आणि एकच रंग. एक हात फिरवला, बास. चित्र चांगलं आहे की वाईट हे त्या दिवसांत ठरवायचं नाही, फाडायचं तर मुळीच नाही. नवऱ्याच्या हातात दे, तो ठेवेल. आणि चित्रं फाडावीशी वाटण्यापलीकडे जाऊन स्वतःलाच संपवावंसं वाटलं, तर त्याच घटकेला त्याला आणि डॉक्टरांना सांगायचं. रात्र असली तरी उठवायचं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दोन वह्या ने, निदानाआधीची एक आणि आत्ताची एक. आत्ताचीत पेन्सिलीने थरथरलेली रेघ असेल ना, ती खोडू नकोस. त्यांना बघू दे.

तुझी,
ताई