माठ पाझरतो म्हणजे काय होतं?

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. गावच्या पारंपरिक ज्ञानातून भौतिकशास्त्र शिकवायचं ठरवलं, पण माठाचं उदाहरण दिलं की मुलं ‘माती थंडच असते’ म्हणून मोकळी होतात. पुढे कसं न्यावं?

उत्तर : माठ वर्गात आणा आणि मोजा. खानापूरला कुंभारांची वानवा नाही. एकाच मापाचे दोन माठ घ्या. एकाला बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात देऊन चार दिवस वाळू द्या. माती दोन्हींची तीच, फक्त एकाचा पाझर बंद. स्टीलच्या कळशीशी तुलना केली तर माती आणि पाझर दोन्ही बदलतात, मग कारण हाती लागत नाही.

दोन्ही माठ आदल्या रात्री भरून ठेवा. कोरड्या मातीला पाझर फुटायला वेळ लागतो. सकाळी ते पाणी ओतून एकाच बादलीतलं 3-3 लिटर घाला, झाकण ठेवा. दर अर्ध्या तासाने वजन आणि तापमान, असे 3 तास. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो साधारण 35 अंशांखाली दाखवत नाही. माठाखाली ताटली ठेवून तिच्यासकट वजन करा. ठिबकलेलं पाणी उडालेल्यात धरलं की सगळा हिशेब चुकतो.

समजा 60 ग्रॅम पाणी उडालं. उडताना ते दर ग्रॅमला सुमारे 2,400 ज्यूल उष्णता माठातून ओढून घेतं, म्हणजे 1,44,000 ज्यूल. 3 लिटर पाणी 1 अंशाने निवायला 12,600 ज्यूल बाहेर जावे लागतात. म्हणजे 11 अंश उतार हवा, पण तेवढा येणार नाही. माठाची मातीही निवावी लागते आणि बाहेरची उष्णता आत शिरत राहते. या तफावतीवर एक अख्खा तास द्या.

पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, हे आजी सांगतेच. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला. येणाऱ्या आकड्याच्या खाली माठ सहसा जात नाही. खानापूरच्या जुलैत हवा दमट असते, पाणी फारसं उडत नाही आणि हा आकडा हवेच्या तापमानाला जवळजवळ टेकतो. म्हणून प्रयोग फेब्रुवारी-मार्चमध्ये करा आणि जुलैत पुन्हा. जुना माठ गार करत नाही, कारण पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजतात.

गावच्या ज्ञानातलं दुसरं उदाहरण बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचं. ती शाळेत तापवू नका, हिशेबच करा. 3.7 मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली तर सुमारे 22 मिलिमीटर वाढते. तेवढ्यात ती चाकावर चढवतात, पाणी पडलं की आवळते. चाकाच्या घेरापेक्षा धाव किती आखूड ठेवत, हे मुलांनी गावातल्या जुन्या लोहाराला विचारावं आणि त्या 22 मिलिमीटरशी ताडून पाहावं.