नौका मालवणची, मालक बेळगावचा: दंड कोणाला?

प्रश्न: मी वडगाव, बेळगावला राहतो. मालवणच्या मावसभावाच्या ट्रॉलरमध्ये मी पैसे घातलेत, नोंदणीत दोघांची नावं आहेत. गेल्या आठवड्यात गस्ती नौकेनं रात्री ट्रॉलर पकडला, त्यावर मासळी ओढून घेणारे, बंदी असलेले एलईडी दिवे होते. मी कर्नाटकात राहतो, समुद्रावर कधी गेलोही नाही. मलाही दंड होईल? परप्रांतीय म्हणून जास्त लावतील? तुरुंग तर नाही ना?

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं. हा दंडाचा मामला आहे, निर्णय मत्स्यव्यवसाय विभागाचा अभिनिर्णय अधिकारी, म्हणजे सुनावणी घेऊन दंड ठरवणारा अधिकारी देतो. मात्र कारवाईच्या वेळी कुणी अधिकाऱ्यांच्या अंगावर धावून गेलं असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 खाली वेगळा गुन्हा होतो आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, हे आजच विचारा.

आता परप्रांतीय. सीमाभागातल्या माणसाला हा शब्द किती बोचतो, हे मला कुणी सांगायला नको. पण इथं कायदा माणसाचा पत्ता बघत नाही, नौकेची नोंदणी बघतो. नोंदणी क्रमांक महाराष्ट्राचा असेल, तर परराज्यातल्या नौकांसाठीचा 2 ते 6 लाखांचा दंड आणि वर मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंतची रक्कम तुम्हाला लागू होत नाही.

यावर हुश्श करू नका. महाराष्ट्राच्या 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एलईडीचा दंडच 5 ते 20 लाख आहे. नोंदणीत नाव म्हणजे मालकी, त्यामुळे तुम्ही वडगावात झोपला होता हा बचाव होत नाही. नुसते हातउसने पैसे दिले असते, तर गोष्ट वेगळी होती. आणि ‘मला माहीतच नव्हतं’ हे जपून बोला. जनरेटर, दिवे, जादा डिझेल हे सगळं भागीदारीच्या हिशेबात दिसतं. त्या वहीवर तुमची सही असेल, तर हेच वाक्य तुमच्यावर उलटेल.

पंचनाम्याची प्रत मागून घ्या. नौका नेमकी कुठं होती, अक्षांश-रेखांश काय, दिवे पेटलेले होते की नुसते नौकेवर होते, हे ओळ न ओळ वाचा. राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. त्यापलीकडे पकडली असेल, तर राज्याच्या कायद्याखालच्या दंडाला हरकत घेता येते. अर्थात एलईडीला केंद्रानं नोव्हेंबर 2017 मध्ये त्या पाण्यातही बंदी घातलीय, तेव्हा बाहेर होतो म्हणजे सुटलो असं नाही. मासळीचा लिलाव झाला असेल, तर त्याची पावती घ्या.

हद्दीतच पकडली असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: भांडू नका. दिवे, जनरेटर उतरवून द्या, पहिलीच चूक असेल तर तसं लेखी लिहा आणि 5 लाखांवर थांबायची विनंती करा. नौका बंदरात उभी राहिली की रोजचं नुकसान वेगळंच. तुमच्या दोघांत कुणी किती भरायचं, ते भागीदारीच्या कराराप्रमाणे. अधिकारी त्यात पडणार नाहीत.

कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाचा इथं उपयोग नाही. अपिलाचे मार्ग संपल्यावर उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे. सुनावणीच्या नोटिशीवरची तारीख चुकवू नका. पावसाचे दिवस असतील तर आंबोलीमार्गे आदल्या दिवशीच निघा, आणि येताना नोंदणीची कागदपत्रं नुसती मावसभावाकडं न ठेवता त्यांची एक प्रत स्वतःकडं घेऊन या.