नव्या हंटरसाठी: पेट कमी बटणांत सांभाळा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये तुझा हंटर (लांबून मारणारा शिकारी) नवा असेल तर पेटची, म्हणजे त्याच्यासोबत लढणाऱ्या प्राण्याची, सगळी बटणं समोर मांडून बसू नकोस. सुरुवातीला तीनच पुरतात: हल्ला, मागे ये आणि मेंड पेट (पेटला बरं करणारं). ही जवळच्या कीवर लाव. बाकीचं ऑटोकास्टवर, म्हणजे आपोआप चालायला, सोड. त्यासाठी पेट बारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करायचं.

एकटा खेळताना ग्राउल (शत्रूला पेटकडे ओढणारी गुरगुर) चालू हवं, म्हणजे शत्रू पेटवर धावतो आणि तुला लांबून बाण मारता येतात. डंजनमध्ये, म्हणजे ग्रुपने लढायच्या जागेत, मात्र आत शिरण्याआधीच ते बंद कर. नाहीतर पेट टँककडून (शत्रूंचे वार अंगावर घेणाऱ्या खेळाडूकडून) शत्रू ओढून घेतं, बॉस फिरतो, त्याचा समोरचा वार भलत्यांवर बसतो आणि शिव्या तुला. नव्या हंटरची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बाहेर आलास की परत चालू करायला विसरू नकोस.

पेटचा मोड असिस्टवर ठेव. तू ज्याला मारशील त्यालाच पेट मारतं. नको ते शत्रू अंगावर येत असतील तेव्हा पॅसिव्ह, म्हणजे पेट स्वतःहून हल्ला करत नाही.

कड्यावरून उडी मारायची असेल तर आधी पेट डिसमिस कर, म्हणजे तात्पुरतं परत पाठव. ते बहुतेक वेळा उडी न मारता लांबच्या वाटेने पळत येतं, आणि वाटेतल्या शत्रूंची सगळी वरात सोबत आणतं.

कुठलं पेट घ्यायचं यावर फार डोकं शिणवू नकोस. एकट्याला टिकाऊ टेनॅसिटी प्रकारचं, ग्रुपमध्ये प्रायमल रेजसाठी (सगळ्या ग्रुपचा वेग काही वेळ वाढवणारी क्षमता) फेरोसिटी प्रकारचं. रंगरूप आवडीचं. क्लासिकमध्ये (गेमच्या जुन्या आवृत्तीत) खेळत असशील तर खाऊ घालणं आलंच, त्यामुळे त्याला चालेल ते अन्न पिशवीत ठेव; नाराज पेट कमी डॅमेज करतं.