मतं पडून गेल्यावर 'मुसंडी' मारतं कोण?

तुमचा प्रश्न : 'युग संपलं', 'वारं फिरलं', 'सेमीफायनल' ही बातम्यांतली वेळेची भाषा निवडणुकीचा अर्थ बदलते का?

बदलते, आणि सगळ्यात जास्त मतमोजणीच्या दिवशी. आमच्या धुळ्याचंच सांगतो.

४ जून २०२४, लोकसभेची मतमोजणी. मतदान २० मेलाच उरकलेलं, यंत्रं पंधरा दिवस सीलबंद. तरी सकाळपासून टीव्हीवर शर्यत : हा पुढे, तो मागे, आता मुसंडी, आता धाकधूक. आमचे आबा कूलरसमोर बसून बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, "मतं तं पडी ग्यात ना भो, आते कोन पयी ऱ्हायना?"

पळत होती ती नुसती मोजणी. मी शिक्षक, एकदा मोजणीची ड्यूटी केलीय. आत कसला थरार? सील दाखवायचं, रिझल्टचं बटण दाबायचं, आकडे वाचायचे. जाळीपलीकडचे एजंट ते उतरवून घेतात, की पुढचं यंत्र. मोबाईल बाहेर जमा, त्यामुळे 'आघाडी'वर कोण ते घरच्यांना आमच्याआधी कळतं!

धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने बच्छावांना १ लाख ९० हजारांवर आघाडी दिली. आता मालेगाव मध्य आधी मोजून संपलं तर गोष्ट होते 'भामरेंनी पिछाडी भरत आणली, थोडक्यात हुकले'. शेवटी मोजलं तर 'तोंडचा घास हिरावला'. मतं तीच. पण हिरावला म्हटलं की हिरावणारा शोधतात आणि बोट एका गावाकडे जातं. बच्छावांची निम्म्याहून जास्त मतं उरलेल्या पाच क्षेत्रांतली होती, हे मग कुणी बोलत नाही. ही मतं काय हिशेबात नव्हती?

युगांचंही तसंच. नंदुरबारला काँग्रेसचे माणिकराव गावित नऊ वेळा खासदार. २०१४ला भाजपच्या हीना गावित आल्या, तेव्हा युग संपल्याची चर्चा झाली. २०२४ला काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी आले. दहा वर्षांत संपतं त्याला आम्ही युग नाही, जास्तीत जास्त विहिरीचं कर्ज म्हणतो.

आणि 'पाच महिन्यांत वारं फिरलं' हे नोव्हेंबरच्या विधानसभा निकालांचं वाक्य जळगावात लावून बघा. जूनमध्ये जळगाव, रावेर दोन्ही लोकसभेच्या जागा भाजपकडे, नोव्हेंबरमध्ये जिल्ह्यातल्या विधानसभेच्या ११च्या ११ भाजपच्याच महायुतीकडे. तिथे फिरलं काय?

२३ नोव्हेंबरला आबांनी टीव्ही लावलाच नाही. कापूस वेचायला बाया आल्या होत्या, ते दिवसभर शेतात. संध्याकाळी आले, हातपाय धुतले आणि मला एवढंच विचारलं, "मोजी व्हयनं का?"