वाचकांचे प्रश्न : म्हैसूर की मंगळूर?

प्रश्न : आम्ही ठाण्याचे. नवऱ्याला कंपनीने कर्नाटकात बदली देऊ केली आहे. म्हैसूर किंवा मंगळूर, कुठलं ते आम्हीच सांगायचं. माझं काम घरून चालतं, पण महिन्यातून दोनदा बंगळूरच्या ऑफिसात हजेरी लावावी लागते. मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. सासूबाईंना दमा आहे आणि त्यांच्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी ठाण्याला फेरी होणारच. काय निवडावं?

उत्तर : या पत्रात दोन प्रवास एकमेकांच्या आड येतात. ठाण्याच्या फेऱ्यांसाठी मंगळूर सरस आहे, कारण मत्स्यगंधा रोज धावते आणि ठाण्याला थांबतेही; दुपारी बसा, दुसऱ्या दिवशी सकाळी पोचा. पावसाळी वेळापत्रक लागू असतं तेव्हा कोकण रेल्वेवर वेग कमी होतो, तेवढी वाट बघायची तयारी ठेवा. म्हैसूरला मुंबईहून सरळ जाणारी शरावती आठवड्यातून एकदाच. बाकी दिवशी बंगळूरला उतरून गाडी बदलायची, म्हणजे दम्याच्या रुग्णाला जवळपास दीड दिवसाचा प्रवास.

बंगळूरच्या फेरीचा हिशेब नेमका उलटा आहे. म्हैसूरहून ते रेल्वेने सुमारे 140 किलोमीटर. दिवसभर गाड्या आहेत, सकाळी निघून रात्री घरी येता येतं. मंगळूरहून साडेतीनशे किलोमीटर आणि मध्ये घाट. सकलेशपूरजवळच्या शिराडी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात, रस्ता बंद पडतो, रेल्वेमार्गावरही तीच गत होते. तेव्हा जून ते सप्टेंबर मंगळूर-बंगळूरची भरवशाची सोय म्हणजे विमान. त्या खर्चाची आणि दोन हजेऱ्यांची ऑफिसशी आधी लेखी बोलणी करा. हजेरी महिन्याला एकवर येत असेल तर मंगळूर शर्यतीत राहतं. दोनाच्या चार होण्याची शक्यता असेल, आणि घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत ती असतेच, तर म्हैसूर.

आता दमा. मंगळूरला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण 770 मीटरवर, पाऊस आठशेच्या आसपास. घरातली ओल आणि बुरशी दम्याला बाधते, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. मंगळुरात ती जास्त काळ टिकते. म्हैसूरची हवा कोरडी असली तरी डिसेंबर-जानेवारीतली पहाटेची थंडी काहींना सोसत नाही. सासूबाईंना ठाण्यात नेमका कुठल्या महिन्यांत पंप जास्त लागतो, ते जुन्या चिठ्ठ्यांवरून काढा आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पावसाळ्यात लागत असेल तर मंगळूर नको. उपचारांची वानवा मात्र दोन्हीकडे नाही. मंगळूर तर वैद्यकीय महाविद्यालयांचंच गाव आहे.

मुलीच्या शाळेपुरता शहराने फरक पडत नाही. 2015च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांना, मंडळ कुठलंही असो, कन्नड शिकवणं बंधनकारक केलं आहे. प्रवेशाच्या वेळी एकच विचारा : पाचवीत नव्याने आलेल्या मुलाला कन्नडचं पुस्तक पाचवीचं देता की मुळाक्षरांपासून सुरू करता? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी शाळा बघा. दाखला ठाण्यातून निघतानाच शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीने घ्या. परराज्यात तो मागतात, आणि एका सहीसाठी परत यावं लागणं फार जिवावर येतं.

तुमच्या माहितीवरून आमचं मत म्हैसूरकडे झुकतं.

प्रश्न : आमची सात वर्षांची कार आहे, कर्जाचे काही हप्ते बाकी आहेत. ती नेऊन तिकडे नोंदवावी की विकावी?

उत्तर : परराज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी क्रम असा : थकलेली ई-चलनं भरा, बँकेची संमती घ्या, मग ठाण्याच्या आरटीओकडे फॉर्म 28 भरून एनओसी मागा. तिकडे गेल्यावर एनओसी, आरसी, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन फॉर्म 27. गाडी तपासणीला न्यावी लागते, चासी नंबर पडताळतात.

चूक होते ती एनओसीत. ती ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. म्हैसुरात दोन कार्यालयं आहेत, पश्चिमेचं केए-09 आणि पूर्वेचं केए-55. घर ठरण्याआधी अंदाजाने एक नाव टाकलं आणि घर दुसऱ्या हद्दीत मिळालं, की कागद पुन्हा ठाण्याला. मंगळूरला केए-19. म्हणून आधी भाडेकरार, मग एनओसी. गाडी राज्यात कधी आली हे दाखवायला टोलच्या नोंदी आणि पेट्रोलच्या पावत्या जपा.

कर्नाटकचा आयुष्यभराचा रोड टॅक्स देशातल्या चढ्या दरांत मोडतो. तो मूळ किमतीवर, गाडीच्या वयानुसार घटवून लावतात. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेल्या काळापुरता परतावा मिळतो, पण नवी नोंदणी झाल्यावर, अर्ज करून, सावकाश. म्हणजे काही महिने दोन्ही कर तुमच्याच खिशातून. कर आणि हेलपाटे धरून खर्च गाडीच्या आजच्या भावाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जात असेल, तर ठाण्यातच विकलेली बरी. ठेवलीत तर नंबर बदलल्यावर विमा आणि फास्टॅग दोन्हींत दुरुस्ती करून घ्या. विम्यातला जुना नंबर अपघात झाल्यावरच आठवतो.

प्रश्न : घर बघायला कधी जावं आणि काय बघावं? जाहिरातीत 'लीज' आणि 'रेंट' असे दोन प्रकार दिसतात.

उत्तर : कर्नाटकात 'लीज' म्हणजे आपल्याकडचं हेवी डिपॉझिट : एकरकमी मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं नाही. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका, रक्कम अडकते. अकरा महिन्यांचा साधा भाडेकरार करा. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे; तिकडे अकरा महिन्यांचे करार बहुधा नुसत्या स्टॅम्प पेपरवर होतात, तेव्हा डिपॉझिट परत करण्याची मुदत आणि रंगकामाची कपात करारात आकड्यांनिशी लिहून घ्या.

मंगळूरचं घर जुलैत बघावं. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतींना पावसाचा मारा बसतो. खिडकीच्या चौकटीखाली पोपडे आहेत का पाहा, भिंतीतलं कपाट उघडून वास घ्या. वरच्या मजल्यावर गच्चीवर पत्रा नसेल तर घर सोडून द्या. आणि सोसायटीला विचारा, मे महिन्यात पाणी किती वेळ येतं. एवढ्या पावसाच्या या शहराला नेत्रावतीवरच्या तुंबे बंधाऱ्याचं पाणी मिळतं. 2019 आणि 2023 साली उन्हाळ्यात ते आळीपाळीने सोडावं लागलं होतं. आवारात चालती विहीर असलेलं घर त्यासाठी चार पैसे जास्त देऊनही घ्यावं. म्हैसूरचं घर एप्रिलात, दुपारी दोनला, वरच्या मजल्यावर उभं राहून.